फॉर्म १७सीची (मशीनचा नंबर आणि पडलेल्या मतांचा हिशोब) कॉपी हातात पडल्याशिवाय बूथ सोडू नका

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेला मी पहिल्यांदाच पोलिंग एजंट (उमेदवाराचा बूथवरचा माणूस) म्हणून बसलो, एका अपक्ष उमेदवाराचा, आणि त्या संध्याकाळचा राग अजून डोक्यातून जात नाही म्हणून हे लिहितोय. ईव्हीएमवरून आमच्या पारावर रोज भांडणं व्हायची, म्हटलं एकदा आत बसून स्वतः बघू.

सकाळी काहीच अडचण आली नाही. साडेपाचला मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, ५० मतं टाकली, व्हीव्हीपॅटच्या (मत कुणाला गेलं ते कागदावर छापणारं यंत्र) चिठ्ठ्या मोजून रिझल्टशी जुळवल्या, मग क्लिअर दाबून मशीन शून्यावर आणलेलं दाखवलं, हिरव्या पेपर सीलवर आम्ही सह्या केल्या. दिवसभर यादीवर टिका मारत बसलो.

सहाला रांगेतल्यांना चिठ्ठ्या वाटल्या, शेवटचं मत पावणेसातला पडलं. केंद्राध्यक्षांनी क्लोज दाबलं, मग टोटल. डिस्प्लेवर ७१७. आणि मतदारांच्या सह्यांच्या रजिस्टरमध्ये शेवटचा नंबर ७१८!

एक मत कुठे गेलं? केंद्राध्यक्ष म्हणाले, "होतं हो असं एखाद्याचं." मी म्हटलं, "साहेब, एखादं तरी का व्हावं, शोधूया ना." माझ्या यादीत पण ७१८ टिका होत्या. मग पानं उलटत एकेक सही बघत बसलो, बाहेर बस हॉर्न मारतीये, मतदान अधिकारी पेट्या बांधतायत. माझ्या वहीत २.४० ला नोंद होती की एक आजी अंगठा देऊन, शाई लावून, चक्कर येतीये म्हणून मत न देताच घरी गेल्या. मग पान सापडलं, त्यांच्या अंगठ्याशेजारी शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात "मत न देता गेल्या" लिहिलेलं. ७१८ वजा १, ७१७. जीव भांड्यात पडला. (वही ठेवाच, आणि वेळ लिहा, नुसतं नाव नको.)

पण खरी डोकेदुखी पुढेच होती. १७सी भरला, आम्ही सह्या केल्या, मी कॉपी मागितली तर "मोजणीच्या दिवशी मिळेल". परत मागितली तर "फॉर्म संपले". बाकीचे एजंट सह्या करून कधीच घरी गेले होते. अहो, १९६१ च्या निवडणूक नियमांतला ४९एस हा नियमच आहे की मतदान संपल्यावर हजर असलेल्या प्रत्येक एजंटला खरी प्रत द्यायची, मी नियम सांगितला, ते झोनल ऑफिसरला (त्यांच्या वरचा अधिकारी) फोन लावतात, फोन एंगेज, परत लावतात. ती माणसंही आदल्या दिवसापासून तिथेच होती हे कळत होतं मला, तरी मी हललो नाही. आत मोबाईल नेता येत नाही त्यामुळे फोटोचा प्रश्नच नाही. शेवटी किटच्या तळाशी एक कोरा फॉर्म निघाला, मी हाताने उतरवला, त्यांनी ताडून सही केली. तेव्हा ९.१० झाले होते. तुम्ही जाणार असाल तर कोऱ्या १७सीच्या चार प्रिंट घरूनच न्या.

एवढा हट्ट का? कारण व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या अख्ख्या विधानसभा मतदारसंघात फक्त ५ केंद्रांच्या मोजतात, लॉटरी काढून. सगळ्या मोजा ही मागणी सुप्रीम कोर्टाने २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली. आमचं केंद्र लॉटरीत निघालं नाही. मग आमच्या गावाच्या मतांचं माझ्याकडे काय राहिलं, तर हा एक कागद. मत कुणाला गेलं हे त्यातून कळत नाही, ते मान्य. पण सकाळी बसवलेलं मशीनच मोजणीला आलं का आणि आकडा तोच आहे का, हे कळतं.

२३ तारखेला मोजणीला टेबलासमोर बसलो (त्यासाठी फॉर्म १८ आधी भरावा लागतो, विसरू नका), कंट्रोल युनिट (मतं साठवणारं मशीन) आलं, माझ्या कागदावरचा मशीनचा नंबर एकेक आकडा वाचत जुळवला, सील बघितलं. रिझल्ट दाबला. एकूण ७१७. आमच्या उमेदवाराला त्यातली १९. तरी मला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं.

पारावर आता कुणी विषय काढला की मी तो कागद दाखवतो. पुढच्या वेळी प्रत्येक पक्षाच्या पोराने सहीची कॉपी घेऊनच यायचं, असं आमच्यात ठरलंय. आणि हो, डबा आणि पाणी दोन्ही न्या, साडेपाचपासून रात्री नऊपर्यंत उठायला फार मिळत नाही.