‘ॲव्हरेज किती देते?’ याला माझ्या गाडीकडे उत्तर नाही

नाशिकच्या काकांना कुठल्याही गाडीबद्दल पहिला प्रश्न हाच पडतो. बाकी गाडी दिसते कशी, सीट किती, रंग कुठला, हे सगळं नंतर. प्रश्न रास्त आहे. अडचण अशी की माझ्या प्लग-इन हायब्रिडला एकच ॲव्हरेज नाही. एखाद्या आठवड्यात पेट्रोलचा काटा जागचा हलत नाही, तेव्हा भागाकारच करता येत नाही. दुसऱ्या आठवड्यात तीच गाडी, तोच रस्ता, चालवणारीही मीच, आणि टाकी पाऊण रिकामी.

आधी प्रकार काय आहे ते सांगते, कारण भारतात हायब्रिड म्हटलं की हायरायडर, ग्रँड विटारा किंवा इनोव्हा हायक्रॉस डोळ्यांपुढे येते. त्या गाड्यांची बॅटरी लहानशी असते, इंजिन आणि ब्रेक मिळून ती भरतात आणि वायर लावायची सोयच नसते. माझी २०२३ ची टोयोटा प्रियस प्राइम आहे. तिच्यात दोन लिटरचं पेट्रोल इंजिन आहेच, शिवाय १३.६ युनिटची बॅटरी आहे आणि मागच्या चाकाच्या वर चार्जिंगचं झाकण आहे. बॅटरी भरलेली असेल तर कागदोपत्री ४४ मैल, म्हणजे सत्तरेक किलोमीटर, निव्वळ विजेवर जाते. ती संपली की इंजिन आपोआप सुरू होतं आणि गाडी साध्या हायब्रिडसारखी वागू लागते, गॅलनला ५२ मैल. लिटरच्या भाषेत बावीसच्या आसपास. इतकं ऐकून काका खूश होतात, पण खरी गोष्ट इथून पुढे आहे.

आम्ही डब्लिनला राहतो. आयर्लंडमधलं नव्हे, कॅलिफोर्नियातलं, सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला टेकड्यांपलीकडे. माझं ऑफिस मिल्पिटासला. इंटरस्टेट ६८० ने साधारण २५ मैल. सुनोलपासून चढ लागतो, मिशन पास ओलांडला की खाली फ्रीमाँट. या टेकड्या पावसाळ्यात, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, इगतपुरीसारख्या हिरव्या होतात आणि मेपासून नोव्हेंबरपर्यंत वाळक्या गवताच्या पिवळ्या. चढाला बॅटरीची टक्केवारी डोळ्यांदेखत घसरते, उताराला त्यातली थोडी परत येते. सगळी कधीच येत नाही.

जाऊन येऊन पन्नास मैल आणि बॅटरीत ४४. त्यातही हायवेला ताशी सत्तर मैलांच्या वेगानं गेलं की ४४ उरत नाहीत. उलट रस्ता तुंबला आणि सगळे वीसच्या वेगानं सरपटू लागले की बॅटरी मजेत टिकते. ट्रॅफिक जॅममध्ये मनातल्या मनात खूश होणारी ६८० वर बहुधा मी एकटीच असेन. गाडीत एक बटण आहे, त्यानं बॅटरी राखून ठेवता येते: हायवेला इंजिन चालू द्यायचं आणि वीज गावातल्या सिग्नलांसाठी वाचवायची. गाडी घेतली तेव्हा मी हे बटण फार मनापासून वापरायचे. आता सकाळी सगळी वाट विजेवरच जाते आणि ऑफिसात परत भरते. जर चार्जर मिळाला तर.

त्याआधी घरचं चार्जिंग. अमेरिकेतल्या घरांतला नेहमीचा सॉकेट १२० व्होल्टचा. त्यातून गाडी तासाला दीड युनिटही घेत नाही, रिकामी बॅटरी भरायला अकरा तास लागतात. नाशिकच्या घरात गीझरचा जो १६ अँपियरचा पॉइंट आहे ना, तो २३० व्होल्टमुळे याच्या दुपटीहून जास्त देतो. काकांच्या बाथरूममधली सोय आमच्या गॅरेजमध्ये नव्हती, हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

अकरा तास म्हणजे रात्रभर, त्यात काय, असं वाटेल. पण आमच्याकडे विजेचा दर घड्याळाप्रमाणे बदलतो. विद्युत वाहनांसाठीच्या दरपत्रकात स्वस्त वीज मध्यरात्री बारा ते दुपारी तीन. संध्याकाळी चार ते नऊ सगळ्यात महाग, उन्हाळ्यात जवळजवळ दुप्पट. मी साडेसातला निघते. बारा ते साडेसात या वेळात १२० व्होल्टवर बॅटरी पाऊण भरते, फार तर. म्हणून शेवटी कपड्यांच्या ड्रायरसाठी असतो तसा २४० व्होल्टचा सॉकेट गॅरेजमध्ये ओढून घेतला. आता चार तासांत काम होतं. गाडीला वेळ लावून ठेवायचा, बारा वाजून गेले की ती आपली आपण चार्ज होऊ लागते.

आता पैशांचं, २०२५ च्या भावांनी. हा भाग ऐकून भारतातलेच काय, इथले लोकही चकित होतात. प्रियस प्राइमला शंभर मैलांना २७ युनिट वीज लागते, सरकारी मोजणीनुसार. स्वस्त वेळेतही आमच्याकडे युनिटला तीस सेंटच्या आसपास पडतात. पंचवीस रुपयांच्या वर युनिट, महावितरणला नावं ठेवणाऱ्यांनी हा आकडा जपून ठेवावा. म्हणजे शंभर मैलांना आठ डॉलरची वीज. तेच शंभर मैल पेट्रोलवर गेले तर दोन गॅलनलाही थोडं कमी लागतं. कॅलिफोर्नियाच्या साडेचार-पावणेपाच डॉलरच्या भावानं पावणेनऊ ते नऊ डॉलर. फरक डॉलरभराचा! संध्याकाळच्या दरानं चार्ज केलं तर पेट्रोलच स्वस्त पडतं. इतका आटापिटा करून.

आणि हे सगळीकडे सारखंही नाही. माझी एक मैत्रीण सांता क्लाराला राहते, आमच्यापासून तीसेक मैलांवर. त्या गावाची वीजसंस्था गावाच्याच मालकीची आहे, सिलिकॉन व्हॅली पॉवर, १८९६ पासूनची. तिथला युनिटचा दर आमच्या दराच्या निम्म्याच्या आसपास. तिच्याकडे माझीच गाडी असती तर खरोखर बचत झाली असती. म्हणून आता कुणी मला विचारलं की प्लग-इन घेऊ का, तर गाडीचं मॉडेल मी शेवटी विचारते. राहता कुठे, वीज कुणाची, गॅरेज स्वतःचं आहे का, ऑफिसात चार्जर आहे का, हे आधी. या गाडीचं ॲव्हरेज इंजिनापेक्षा मालकाच्या पत्त्यावर ठरतं.

आणि सवयीवर. युरोपात याचा मोठा पुरावाच मिळाला. तिथल्या नव्या गाड्यांत इंधन किती जळलं याची नोंद ठेवणारं मीटर असतं. २०२१ साली नोंदवलेल्या गाड्यांच्या त्या नोंदी तपासून युरोपीय आयोगानं २०२४ मध्ये सांगितलं की प्लग-इन हायब्रिडमधून रस्त्यावर प्रत्यक्षात होणारं कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सुमारे साडेतीन पट आहे. कारण साधं: लोक वायर लावत नाहीत. कंपनीनं दिलेली गाडी, पेट्रोलचं बिल कंपनी भरणार, मग रात्री गॅरेजमध्ये वाकून वायर कोण लावणार? मला त्यांचा राग येत नाही. पावसात, हातात डबा, पर्स, लॅपटॉप असताना मलाही कंटाळा येतो.

गंमत म्हणजे ही कल्पना आमच्याच परिसरात वाढली. इथून तासा-सव्वातासावर डेव्हिसला कॅलिफोर्निया विद्यापीठ आहे. तिथल्या अँड्र्यू फ्रँक या प्राध्यापकानं नव्वदच्या दशकात विद्यार्थ्यांना हाताशी धरून अशा गाड्या बनवल्या, मोठ्या कंपन्या त्याकडे वळायच्या कितीतरी आधी. २००४ मध्ये बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या, कॅलकार्स नावाच्या गटानं साध्या प्रियसला जादा बॅटरी आणि प्लग जोडून दाखवला. आणि माझ्या रोजच्या वाटेवर, फ्रीमाँटला, टेस्लाचा कारखाना आहे. तो २००९ पर्यंत टोयोटा आणि जनरल मोटर्स मिळून चालवायच्या. आता टोयोटा घेऊन मी त्या गावावरून रोज जाते आणि आजूबाजूला निम्म्या टेस्ला.

टेस्लावाल्यांवरून ऑफिसचा चार्जर आठवला. वीज मोफत आहे, त्यामुळे माझा सगळा हिशेब त्या एका वायरीवर टिकून आहे. तिथे जागा मिळाली तर परतीचा प्रवास फुकट, नाही मिळाली तर सुनोलच्या आसपास इंजिन गुरगुरायला लागतं. चार्जर मोजके, गाड्या अनेक. नियम असा की चार तासांनी गाडी हलवायची. त्यासाठी ऑफिसचा वेगळा चॅट ग्रुप आहे आणि त्याची भाषा एखाद्या हाउसिंग सोसायटीच्या ग्रुपला लाजवेल अशी. ‘निळी गाडी कुणाची?’ ‘हिरवा दिवा लागून तास झाला.’ त्यात प्लग-इनवाल्यांची जात खालची. पूर्ण विजेवरच्या गाडीचा मालक तुमच्याकडे अशा नजरेनं बघतो की तुमच्याकडे टाकी आहे ना, मग आमच्या ताटातलं कशाला? माझं उत्तर ठरलेलं आहे: तुमच्या बॅटरीत अडीचशे मैल आहेत, माझ्यात परतीपुरतेही नाहीत, सांगा गरजू कोण? अजून कुणाला पटलेलं नाही.

मग ही गाडी घेतली कशाला? खरं सांगायचं तर निम्मं कारण स्टिकर होतं. कॅलिफोर्नियात हायवेच्या डाव्या टोकाला कारपूल लेन असते, गाडीत किमान दोघं असतील तरच वापरायची. २०१२ पासून प्लग-इन हायब्रिडना स्टिकर मिळू लागले, ते लावले की एकट्या माणसालाही त्या लेनमधून जाता येई. स्टिकर दिसायला बेढब, नव्याकोऱ्या गाडीच्या बंपरवर मोठाले चिकटवायचे, पण ते पुढे पुनर्विक्रीत भाव वाढवायचे इतकी त्यांची किंमत. बाजूच्या तीन लेन तुंबलेल्या असताना डावीकडून सरळ निघून जायचं, हे सुख पेट्रोलच्या डॉलरभर बचतीपेक्षा कितीतरी मोठं होतं.

३० सप्टेंबर २०२५ ला ते संपलं. वॉशिंग्टनमधल्या काँग्रेसनं परवानगीची मुदत वाढवली नाही. विद्युत गाड्यांवरची ७,५०० डॉलरपर्यंतची केंद्राची कर-सवलतही त्याच दिवशी गेली. माझी गाडी जपानमध्ये बनलेली, त्यामुळे खरेदीवर तिला ती मिळणार नव्हतीच. स्टिकरचं मात्र लागलं. चार महिने तरी मी डावीकडे बघतच नव्हते.

तरीही विकावीशी वाटत नाही, आणि त्याचं कारण लेक टाहो, पूर्वेच्या डोंगरातलं तळं. हिवाळ्यात बर्फ बघायला निघालं की इंटरस्टेट ८० वर डॉनर समिटला सात हजार फुटांच्या वर चढावं लागतं. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत वाटेतल्या फास्ट चार्जरवर रांगा लागतात, आणि थंडीत विद्युत गाड्यांचा पल्ला घटतो तो वेगळा. आम्ही पेट्रोल भरून निघतो, परतीच्या लांबलचक उतारात बॅटरी थोडी भरून घेतो. आठवड्याला वीज आणि सुट्टीला पेट्रोल अशी विभागणी ज्याच्या आयुष्यात आहे त्याच्यासाठी ही गाडी ठीक. रोज दीडशे किलोमीटर हायवे असेल तर बॅटरीचं ओझं उगाच वाहायचं. आणि रोज वीसच किलोमीटर असतील, दुसरी गाडीही घरात असेल, तर सरळ पूर्ण विजेवरची घ्यावी. तेल बदलायची कटकट तरी जाते, माझी गेलेली नाही.

काकांना मी हेच सांगितलं. भारतात प्लग-इन आहेत त्या बहुतेक महागड्या, त्यांच्या बजेटबाहेरच्या. शिवाय महाराष्ट्रात मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवरची टोलमाफी विद्युत गाड्यांना आहे, टाकी असलेल्यांना नाही. त्यांचं रोजचं जाणं कॉलेज रोडपासून सातपूरपर्यंत, आणि गीझरचा पॉइंट पार्किंगपर्यंत ओढता येतो. त्यांना मधलं काही घेण्याची गरजच नाही.

स्टिकर गेल्यावर मी शेजारच्या श्रावणीला विचारलं. ती विजयवाड्याची, ऑफिस माझ्यापासून दोन सिग्नल पुढे. आता आम्ही दोघी एकत्र जातो, टोलच्या फासट्रॅक यंत्रावर गाडीत किती माणसं ते सांगणारी कळ असते, ती २ वर सरकवायची की डावी लेन पुन्हा आपली. गाडी एक आठवडा तिची, एक आठवडा माझी. तिची पूर्ण विजेवरची आहे. खर्च अर्धा-अर्धा ठरला, पण तिनं एक अट घातली: येताना इंजिन सुरू झालं तर त्या पेट्रोलचे पैसे ती देणार नाही. ऑफिसात चार्जर पकडणं हे गाडीवालीचं काम.