बहुउद्देशीय स्टेडियममध्ये आसन निवडताना: गोलमागच्या पुढच्या रांगा टाळा

धावपट्टी असलेल्या स्टेडियममध्ये फुटबॉलचा सामना पाहायचा असेल, तर गोलपोस्टच्या मागे, वळणाला लागून असलेल्या खालच्या मजल्यावरच्या पुढच्या रांगा कोणीही घेऊ नयेत, हे सुरुवातीलाच स्पष्टपणे सांगतो. त्या रांगा मैदानाच्या सर्वांत जवळच्या म्हणून विकल्या जातात, त्यांच्याच मागच्या रांगांपेक्षा त्यांचा दर चढा असतो आणि त्यांतून सामना समजत नाही. एकाच मोठ्या स्टेडियममध्ये एका हंगामात मी फुटबॉल, अ‍ॅथलेटिक्स आणि संगीताचा कार्यक्रम असे सगळे वेगवेगळ्या भागांत बसून पाहिले. त्यानंतर ज्यांना अशा ठिकाणी जायचे आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. जिने चढण्याची ताकद, साधी दुर्बीण आणि पावसाचे जाकीट आपल्याकडे आहे असे मी गृहीत धरतो.

फसवणूक नकाशापासून सुरू होते. तिकीट विकताना जो आसनांचा नकाशा दाखवला गेला, त्यात हिरवे मैदान थेट पहिल्या रांगेला टेकलेले होते आणि धावपट्टीचा मागमूसही नव्हता. प्रत्यक्षात आत शिरल्यावर माझ्या आणि गोलपोस्टच्या मध्ये लाल धावपट्टी, तिच्या आतले उंच उडीचे अर्धवर्तुळ, जाहिरातींचे फलक आणि छायाचित्रकारांची रांग एवढे सगळे पसरलेले होते. त्या भागाचा दर बाजूच्या स्टँडच्या वरच्या मजल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट होता. विचारणा केल्यावर ‘जवळच्या रांगा महाग असतातच’ एवढेच उत्तर मिळाले.

हे अंतर किती असते, याचा हिशेब घरी बसून करता येतो, कारण प्रमाणित धावपट्टीची मापे जगभर सारखीच असतात. 400 मीटरच्या धावपट्टीचा सरळ भाग 84.39 मीटर लांब असतो, वळणाची आतली त्रिज्या 36.50 मीटर असते आणि प्रत्येक मार्गिका 1.22 मीटर रुंद असते. आठ मार्गिका धरल्या तर धावपट्टीची बाहेरून बाहेर लांबी सुमारे 177 मीटर आणि रुंदी साडेब्याण्णव मीटर भरते. तिच्या मधोमध 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद असे फुटबॉलचे मैदान मांडले, की बाजूच्या रेषेपासून धावपट्टीच्या बाहेरच्या कडेपर्यंत जेमतेम 12 मीटर उरतात, पण गोलरेषेपासून वळणाच्या कडेपर्यंत मात्र 36 मीटर उरतात. कडेपासून पहिल्या रांगेपर्यंतची मोकळी पट्टी आणि कठडा यांचे अंतर आणखी वेगळे. म्हणजे ज्या स्टँडला जवळचा म्हणून जास्त दर लावला जातो, तोच मैदानापासून तिप्पट दूर असतो.

तरीही खरा दोष केवळ अंतराचा नाही, आणि पुष्कळ जण इथेच चुकीचा निष्कर्ष काढतात. फुटबॉलच्या स्टेडियमची आखणी करताना प्रेक्षकापासून मैदानाच्या सर्वांत लांबच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर शक्यतो 150 मीटरच्या आत असावे आणि 190 मीटरच्या पुढे जाऊ नये, असा संकेत पाळला जातो. वळणाच्या मधोमध पहिल्या रांगेत बसलेल्या माणसाला लांबचा कोपरा साधारण 150 मीटरवर येतो, म्हणजे कागदावर ती जागा चांगलीच ठरते. तिचा घात उंची करते. डोळे मैदानापेक्षा दोन-सव्वादोन मीटरच उंच असतात आणि मध्यरेषा सुमारे 90 मीटर दूर असते. अशा स्थितीत नजर गवताला जवळजवळ समांतर जाते, मैदानाची खोली नाहीशी होते, आणि मध्यरक्षक व बचावपटू यांच्यामध्ये पाच मीटर आहेत की पंचवीस, हे ओळखता येत नाही. पलीकडच्या गोलपोस्टजवळ गोल झाला, हे मला लोकांच्या ओरडण्यावरून कळले. ऑफसाइडचा, म्हणजे पास दिला जाताना पुढचा खेळाडू बचावफळीच्या पलीकडे होता का हे ओळखण्याचा, तर प्रश्नच उद्भवत नाही, कारण ती रेषा पाहायला बाजूनेच बसावे लागते. त्याच वळणावर पंचवीस रांगा वर बसलेल्या प्रेक्षकाचे अंतर वाढते, पण त्याला मैदानाचा आराखडा दिसतो, आणि तोही माझ्यापेक्षा कमी पैशांत.

ही तक्रार एकट्या माझी नाही. म्युनिकच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये धावपट्टीपलीकडून फुटबॉल पाहावे लागे. बायर्न म्युनिक हा संघ 2005 मध्ये धावपट्टी नसलेल्या नव्या स्टेडियममध्ये गेला. पॅरिसजवळच्या 1998 च्या स्टाद द फ्रान्समध्ये खालचा मजलाच मागे सरकवता येतो, म्हणजे अ‍ॅथलेटिक्सच्या वेळी धावपट्टी उघडी होते आणि फुटबॉलच्या वेळी प्रेक्षक पुढे येतात. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी पहिला प्रश्न हाच विचारावा की खालचा मजला सरकणारा आहे का, आणि असल्यास त्या दिवशी तो पुढे आणलेला असेल का. उत्तर ‘होय’ असेल, तर माझा वरचा इशारा बराच सौम्य होतो. उत्तर मिळाले नाही, तर ते ‘नाही’ समजावे.

फुटबॉलसाठी माझा निकाल असा आहे: बाजूचा स्टँड, मध्यरेषेपासून दोन्हीकडे दंडक्षेत्राच्या कडेपर्यंतचा कोणताही ब्लॉक, आणि उंची खालच्या मजल्याचा वरचा अर्धा भाग किंवा वरच्या मजल्याचा खालचा तिसरा भाग. तिथून पुढे मध्यरेषेच्या अगदी समोरच्या जागेसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही, कारण वीस मीटर इकडे-तिकडे सरकल्याने दृश्यात फरक जाणवत नाही. नंतरचा एक दुपारचा सामना मी अशाच जागेवरून पाहिला. तो आरामात पार पडला, त्याबद्दल अधिक काही सांगण्याची गरज नाही.

मात्र खालच्या मजल्याच्या अगदी शेवटच्या रांगा घेऊ नयेत. वरचा मजला डोक्यावर पुढे आलेला असतो आणि उंच गेलेला चेंडू त्याच्या कडेमागे नाहीसा होतो. मोठा पडदा आणि गुणफलकही अनेकदा तिथून दिसत नाहीत. वरच्या मजल्याची पहिली रांगही विचार करूनच घ्यावी. आसनांसमोरचा कठडा साधारण 80 सेंटिमीटरचा असतो, पण जिन्याच्या तोंडाशी तो 1.1 मीटरपर्यंत उंच होतो, आणि बसलेल्या माणसाचे डोळे साधारण तेवढ्याच उंचीवर असतात. त्यामुळे खाली पाहताना जवळची बाजूची रेषा नेमकी त्या कठड्याच्या नळीमागे जाते. जिन्यापासून चार-पाच आसने आत असलेली जागा मिळाली, तर हीच रांग उत्तम ठरते, कारण पुढे कोणाचेही डोके नसते.

पुढच्या डोक्यांचा विषय निघाला आहे, तर तोही पूर्ण करतो. स्टँडचा उतार आखताना आपली नजर पुढच्या माणसाच्या डोळ्यांच्या किती वरून जाते, हे मोजले जाते. हा फरक 90 मिलिमीटर असेल तर दृश्य चांगले आणि 60 मिलिमीटर असेल तर चालण्यासारखे मानतात. म्हणजे सगळे हिशेब बरोबर असले तरी पुढच्या माणसाने उंच टोपी घातली की ती सवलत संपते. खालच्या, कमी उताराच्या भागात हा त्रास सर्वाधिक होतो. उंच नसलेल्यांनी आणि मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी तीव्र उताराचा वरचा मजलाच घ्यावा.

धावपट्टीऐवजी क्रिकेटचे गोल मैदान असेल, तर हिशेब उलटा होतो. 70 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फुटबॉलचे मैदान मांडले, तर गोलरेषेमागे साडेसतरा मीटर उरतात आणि बाजूला 36 मीटर. अशा ठिकाणी गोलमागचा वरचा भाग पैसे वसूल करून देतो. क्रिकेटसाठी मात्र खेळपट्टीच्या रेषेत, साइटस्क्रीनच्या वरच्या बाजूला, जितके उंच मिळेल तितके उंच बसावे. चेंडूची दिशा आणि वळण केवळ तिथूनच दिसते.

आता अ‍ॅथलेटिक्स, आणि हा भाग मी आनंदाने लिहितो, कारण त्या संध्याकाळी मला पाहिजे तीच जागा मिळाली. धावपटू डावीकडे वळत धावतात, त्यामुळे मुख्य स्टँडमधून पाहताना समोरच्या सरळ भागावर ते डावीकडून उजवीकडे जातात आणि सर्व शर्यतींची अंतिम रेषा त्या सरळ भागाच्या उजव्या टोकाला असते. 100 मीटर असो की 10,000, सुरुवातीच्या जागा बदलतात, शेवट एकच राहतो. फोटो-फिनिशचा कॅमेरा अंतिम रेषेच्या अगदी रेषेत, स्टँडमध्ये उंचावर बसवलेला असतो. त्याच्या आसपास, पहिल्या दहा रांगा सोडून, आसन मिळवावे. 100 मीटरच्या अंतिम फेरीत पहिले तिघे छाती पुढे काढून रेषेवर आले, तेव्हा निकाल फलकावर येण्यापूर्वी मला तो ठाऊक होता, आणि इतक्या अंतरावरून हे घडू शकते यावर माझा अजून विश्वास बसत नाही. या एका जागेसाठी जास्तीचा दर द्यावा, असे मी निःसंकोच सांगतो.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की फुटबॉलसाठी मी ज्या वळणाला नाकारले, त्याला अ‍ॅथलेटिक्सच्या दिवशी किंमत येते. उंच उडी बहुधा वळणाच्या आतल्या अर्धवर्तुळात होते. मुख्य स्टँडच्या डाव्या हाताच्या वळणावर 200 मीटरची सुरुवात असते, आणि 4 गुणिले 100 मीटर रिलेची शेवटची बॅटन-बदली त्याच वळणाच्या शेवटी, 30 मीटरच्या पट्ट्यात होते. मात्र हातोडा आणि थाळीफेकीचा जाळीचा पिंजरा कोणत्या टोकाला उभारला आहे, हे आधी पाहावे. पिंजऱ्याच्या थेट मागे बसल्यास अर्धी संध्याकाळ जाळीतून पाहावी लागते.

ऊन आणि पाऊस यांबद्दल थोडक्यात. मोठ्या स्टेडियमची लांबी साधारणपणे उत्तर-दक्षिण ठेवतात आणि मुख्य स्टँड पश्चिमेला असतो, म्हणजे दुपारनंतर तिथल्या प्रेक्षकांच्या पाठीशी सूर्य राहतो. समोरच्या पूर्वेकडच्या स्टँडमध्ये तिकीट स्वस्त असण्याचे एक कारण हेच आहे. कार्यक्रम सूर्यास्तानंतरचा असेल, तर हा फरक उरत नाही, म्हणून पूर्वेचा स्टँड खुशाल घ्यावा. छताखाली असे लिहिलेल्या आसनांपैकी छताच्या कडेलगतच्या रांगा वारा सुटला की भिजतात. कडेपासून आठ-दहा रांगा आत असल्याशिवाय त्या कोरड्या समजू नयेत.

संगीताच्या कार्यक्रमानंतर मी इतका थकलो होतो, की पुढचे मत कदाचित कठोर वाटेल, पण ते बदलण्याची माझी तयारी नाही. मंच एका टोकाला असतो आणि मी विरुद्ध टोकाला, वरच्या मजल्याच्या शेवटच्या रांगांजवळ होतो. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. त्यामुळे 170 मीटरवर बसलेल्याला मंचावरून येणारा आवाज अर्धा सेकंद उशिरा पोचतो, तर पडद्यावरचे चित्र लगेच दिसते. ढोलाची काठी पडलेली दिसते आणि आवाज नंतर येतो. मैदानात मध्ये उभारलेल्या मनोऱ्यांवर जादा ध्वनिक्षेपक लावून आवाज एकसंध करतात, पण छताखालच्या शेवटच्या रांगांत प्रतिध्वनी सगळ्यावर मात करतो आणि एकही शब्द समजत नाही. त्या रांगा फुकट मिळाल्या तरी घेऊ नयेत.

संगीतासाठी ध्वनिमिश्रणाचे टेबल कुठे असेल, हे नकाशावर शोधावे. आवाज तिथून ऐकून जुळवला जातो, म्हणून त्या टेबलाच्या आडव्या रेषेत असलेल्या बाजूच्या स्टँडचा खालचा मजला हा सर्वांत चांगला भाग असतो. मैदानावर उभे राहण्याचे तिकीट उंच आणि तरुण माणसांनीच काढावे. मंचाच्या समोरच्या रेषेच्या मागे जाणाऱ्या बाजूच्या आसनांवर ‘मर्यादित दृश्य’ असे लिहिलेले असते. तिथे मंचाची कमान आणि ध्वनिक्षेपकांची पाठ दिसते, गायक दिसत नाही. दर निम्मा असेल तरच विचार करावा.

कोणत्याही कार्यक्रमासाठी नकाशावर भरवसा ठेवण्यापूर्वी एक गोष्ट करावी. नकाशात फुटबॉलचे मैदान काढलेले असेल, तर त्याची लांबी 105 मीटर धरून पट्टीने आपल्या ब्लॉकपर्यंतचे अंतर मोजावे, आणि मैदान रांगांना टेकलेले दिसत असूनही त्या स्टेडियममध्ये अ‍ॅथलेटिक्सच्या स्पर्धा होत असतील, तर तो नकाशा खोटा आहे असे समजावे. मग त्याच स्टेडियममधल्या त्याच प्रकारच्या कार्यक्रमाचे, त्याच ब्लॉकमधून काढलेले छायाचित्र शोधावे. फुटबॉलचे छायाचित्र संगीतासाठी उपयोगाचे नाही.

तिकिटावरचा दरवाजा क्रमांक आसन क्रमांकाइतकाच महत्त्वाचा आहे. चुकीच्या दरवाजाशी पोचल्यास बाहेरून पूर्ण स्टेडियमला वळसा घालावा लागतो, आणि वरच्या मजल्याचे जिने त्यानंतर चढायचे असतात. सुटल्यावर वरच्या मजल्यावरून उतरायला खालच्या मजल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. शेवटची गाडी पकडायची असेल, तर स्टँडमधून बाहेर पडणाऱ्या बोगद्याच्या तोंडाजवळचे आसन घ्यावे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचा त्रास त्या दिवसापुरता सहन करावा.