किविनॉची स्नोमोबाइल ट्रिप, आणि पुढचं सस्पेन्शन वाकलंय का हे कसं ओळखायचं

फेब्रुवारीत आम्ही मित्र मिळून मिशिगनच्या पार वरच्या टोकाला, किविनॉला स्लेड (म्हणजे स्नोमोबाइल, पुढे दोन स्की आणि मागे फिरणारा पट्टा म्हणजे ट्रॅक असलेली बर्फावरची गाडी) घेऊन गेलो होतो. डेट्रॉइटकडची बरीच मराठी मंडळी गाड्यांच्याच धंद्यात आहेत, मशीनचं वेड सगळ्यांनाच आहे, पण स्नोमोबाइलच्या पुढच्या सस्पेन्शनबद्दल मराठीत काहीच वाचायला मिळत नाही, म्हणून फिरण्याचं थोडक्यात सांगतो आणि वाटेत जे झालं ते जरा सविस्तर.

आधी जाणाऱ्यांच्या कामाचं. डेट्रॉइटहून किविनॉतलं हॉटन साडेआठशे-नऊशे किलोमीटर, मॅकिनॉ ब्रिज ओलांडून, आणि मागे ट्रेलर असेल तर अख्खा दिवस गेलाच समजा. लेक सुपिरियरवरून येणाऱ्या वाऱ्यामुळे इथे बर्फ बेफाम पडतो, १९७८-७९ च्या हिवाळ्यात ३९०.४ इंच पडल्याची नोंद आहे आणि मोहॉकच्या पुढे हायवेच्या कडेला त्याची उंच मोजपट्टीच उभी केलीय, तिथे थांबाच. ट्रेल्स १ डिसेंबर ते ३१ मार्च चालू, प्रत्येक स्लेडला वेगळं परमिट, हेल्मेट सक्तीचं. हॉटन आणि हॅनकॉकच्या मधला लिफ्ट ब्रिज (मधला भाग वरखाली होणारा पूल) हिवाळ्यात अशा उंचीवर ठेवतात की स्लेड खालच्या डेकवरून पलीकडे जातात, मला तर तेवढ्यासाठी परत जायला आवडेल. खायला पास्टी घ्या, कॉर्निश खाणकामगारांनी आणलेला प्रकार, मांस-बटाटा भरलेली भलीमोठी करंजीच म्हणा ना, थंडीत पोटभर होते.

तर कॅल्युमेटहून कॉपर हार्बरकडे ३ नंबरच्या ट्रेलने चाललो होतो, समोरून ग्रूमर (ट्रेलवरचा बर्फ सपाट करणारं मशीन) आला, मित्राने स्लेड उजव्या कडेला घेतली आणि बर्फाखाली दडलेल्या झाडाच्या बुंध्यावर उजवी स्की आपटली. वेग कमी होता, त्याला काही लागलं नाही. स्की बघितली तर सरळ, प्लॅस्टिक शाबूत, सगळे म्हणाले वाचलो. पण निघालो तर मशीन उजवीकडे ओढायला लागलं, हँडल थोडं डावीकडे धरून ठेवलं तरच सरळ चालत होतं.

आता इथे बहुतेक जण काय करतात, पाना काढतात, टायरॉडचं (हँडल फिरवल्यावर स्की वळवणाऱ्या दांड्याचं) लॉकनट सैल करून रॉड फिरवतात, स्की सरळ दिसली की झालं काम. हे अजिबात करू नका, निदान मोजमाप होईपर्यंत तरी नाही. कारण स्की सरळ दिसते पण वाकलेला पार्ट वाकलेलाच राहतो, मग सस्पेन्शन वरखाली झालं की ती स्की आपोआप आतबाहेर वळते, आणि वेल्डला तडा गेला असेल तर तो पुढच्या खड्ड्याची वाटच बघत असतो. शिवाय रॉड फार बाहेर काढला तर टोकाच्या जॉइंटचे आटे पुरेसे आत राहत नाहीत. मूळ खुणा एकदा हलवल्या की काय वाकलंय हे शोधणं दुप्पट अवघड होतं.

ट्रेलवर एवढंच बघायचं की मशीन चालवत परत नेता येईल का. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, कुठे अडकतंय किंवा घासतंय का. ए-आर्मचे (स्कीला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या आर्मचे) सगळे वेल्ड हाताने बर्फ पुसून बघा, बॉल जॉइंट निघाला नाही ना, बोल्ट वाकलाय का, शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधून तेल गळतंय का. यातलं काहीही दिसलं तर चालवू नका, ओढून न्या. आमचं चालण्यासारखं होतं, हळूहळू कॅल्युमेटला आणलं. आणि हो, तिकडे मोबाइलला रेंज बऱ्याच ठिकाणी नसते, एकट्याने जाऊच नका.

संध्याकाळी मोटेलच्या गॅरेजात सगळं बर्फ वितळू दिलं, सपाट जमिनीवर मशीन ठेवलं, पुढून दाबून सोडलं म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागेवर बसतं, दोन्ही स्कींच्या टोकांना एक बंजी (ताणणारी रबरी दोरी) लावली म्हणजे जॉइंटमधला ढिलेपणा मापात येत नाही. मग एक लांब सरळ पट्टी ट्रॅकच्या बाजूला टेकवून पुढे स्कीपर्यंत काढली आणि पट्टी ते स्की अंतर कार्बाइडच्या (स्कीखालच्या कडक धातूच्या पट्टीच्या) पुढच्या आणि मागच्या टोकाशी मोजलं, दोन्ही बाजूंनी. हँडल मधोमध ठेवूनच. नुसतं दोन स्कींमधलं अंतर मोजलं तर फरक कळतो, पण डावी चुकली की उजवी ते कळत नाही, पट्टीने कळतं. साधारणपणे स्की पुढून मिळून ३ ते ६ मिलिमीटर बाहेर असतात, पण आकडा तुमच्या मॅन्युअलमधलाच धरा. आमची डावी बरोबर, उजवी चांगलीच बाहेर तोंड करून.

यानंतरचं माप सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच लोक सोडून देतात. न ताणणारी दोरी घ्या, मागच्या सस्पेन्शनच्या एका बोल्टपासून त्याच बाजूच्या स्कीच्या बोल्टपर्यंत मोजा, मग दुसऱ्या बाजूला तेच बोल्ट धरून मोजा. उजवीकडे अंतर कमी भरलं, म्हणजे आर्म मागे ढकलला गेला होता. खालचा ए-आर्म बॅटरीच्या उजेडात जवळून बघितला तर वेल्डच्या शेजारी काळ्या कोटिंगवर केसाएवढी रेघ होती, नखाने खरवडल्यावर पापुद्रा निघाला आणि खाली चकचकीत धातू. चकचकीत म्हणजे ताजं, तिथे गंज असता तर मार जुना. सेकंडहँड स्लेड घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

टायरॉड काढून गुळगुळीत टेबलावर लोळवला, मधे उडत होता, म्हणजे तोही वाकलेला. काढायच्या आधी लॉकनटच्या जागी मार्करने खूण आणि फोटो, आणि एका टोकाला उलटे आटे असू शकतात ते बघा. स्पिंडल (स्की ज्यावर बसते आणि वळते तो उभा भाग) दोन्हीकडचे अँगल गेजने पडताळले, ठीक निघाले. बल्कहेडवर (गाडीच्या पुढच्या सांगाड्यावर) आर्म जिथे बसतो ती भोकं लांबट झालीत का ते नक्की बघा, कारण आर्म वाकला तर बदलता येतो, बल्कहेड गेलं तर खर्च फार वाढतो. आमचं गोल होतं, सगळ्यांना हायसं वाटलं.

आर्म तापवून किंवा ठोकून सरळ करायच्या फंदात पडू नका, एकदा वाकलेल्या धातूवर परत भरवसा ठेवता येत नाही. पार्ट मागवताना मॉडेल, वर्ष, डावा की उजवा, वरचा की खालचा हे नीट सांगा आणि बोल्ट-बुशिंगही नवीनच घ्या. सीझनमध्ये दुकानात लगेच मिळेलच असं नाही, म्हणून मोजमाप त्याच संध्याकाळी करा आणि सकाळी दुकान उघडल्या उघडल्या फोन लावा. भाड्याची स्लेड असेल तर ताब्यात घेतानाच दोन्ही ए-आर्म आणि टायरॉडचे जवळून फोटो काढा, आणि मालकासमोरच हँडल सरळ धरून स्की सरळ आहेत का ते बघून घ्या.