गंधकाची रिकामी जागा

मोलिब्डेनम डायसल्फाइड हा मोलिब्डेनम आणि गंधकाचा थराथरांचा अर्धवाहक. त्याचा एक थर जेमतेम 0.65 नॅनोमीटर जाड. स्फटिकावरून चिकटटेपने सोललेल्या थरात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 10¹³ गंधक-अणू गायब असतात. ढोबळमानाने दोन-अडीचशेंतला एखादा. पण तेवढ्यानेच ऊर्जाफटीत, म्हणजे इलेक्ट्रॉनला एरवी मनाई असलेल्या ऊर्जेच्या पट्ट्यात, नको त्या पातळ्या तयार होतात. इलेक्ट्रॉन तिथे अडकतो, उड्या मारत पुढे सरकतो आणि गतिशीलता, म्हणजे विद्युतक्षेत्रात तो किती सहज धावतो ते, घसरते. सोन्याचा संपर्क देऊनही ट्रान्झिस्टर एन-प्रकारचाच (इलेक्ट्रॉनांनी वाहणारा) निघतो, कारण फर्मी पातळी (इलेक्ट्रॉन साधारण जिथवर भरलेले असतात ती ऊर्जा) वहनपट्ट्याजवळ, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळे वाहतात त्या ऊर्जापट्ट्याजवळ, खिळून बसते.

गेट व्होल्टेज (ट्रान्झिस्टरचा प्रवाह चालू-बंद करणारं व्होल्टेज) चढवताना-उतरवताना प्रवाहाचे दोन वक्र वेगळे आले, तर लगेच दोषांना धरू नका. थराला चिकटलेल्या ओलाव्यानेही वक्र असेच वेगळे येतात. आधी निर्वातात 120 अंशांवर काही तास तापवा, मग मोजा. मात्र तापमान फार चढवलंत तर गंधक आणखी उडतो!