एसी लाईन, अपडेट ३: नायट्रोजन पास, व्हॅक्यूम दोनदा नापास

मंडळी, एसीच्या इनडोअर आणि आउटडोअरमधली गॅसची लाईन मी स्वतःच जोडतोय, मागच्या वेळी फ्लेअरपर्यंत (नटाने आवळण्यासाठी पाईपाचं टोक फुलवणं) आलो होतो. त्यातला एक परत करावा लागला, कारण नट आधी पाईपात घालायचाच विसरलो, हसू नका.

काल संध्याकाळी आउटडोअरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवून सर्व्हिस पोर्टमधून (होज जोडायचं तोंड) रेग्युलेटर लावून लीक तपासायला नायट्रोजन भरला, एकदम नाही, आधी १०० पीएसआय (प्रेशरचं माप), मग २५०, मग ४००, आणि दर टप्प्याला साबणाचा फेस लावून सगळे जॉइंट बघितले. (ऑक्सिजनचा सिलेंडर हाताशी आहे म्हणून कोणी तो लावू नका रे, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो.) सकाळी बघतो तर काटा ३९० च्या आसपास, पोटात गोळाच आला! मग थर्मामीटर बघितला, रात्री ३२ डिग्री होतं, सकाळी २४. गॅस थंड झाला की प्रेशर उतरणारच, हिशोब केला तर साधारण ११ पीएसआयची घट येते, म्हणजे लीक नाहीच. दुपारी ऊन चढल्यावर काटा परत ४०० वर. लाईन पास.

खरी मजा व्हॅक्यूमला, म्हणजे पंपाने लाईनमधली हवा आणि ओलावा ओढून काढताना. मॅनिफोल्डचा (होज जोडायचा गेजचा सेट) काटा पाच मिनिटांत तळाला जाऊन बसला, मागच्या एसीला मी इथेच पंप बंद केला होता. त्या काट्यावर ५०० मायक्रॉन (व्हॅक्यूमचं माप, आकडा जितका कमी तितका व्हॅक्यूम चांगला) आणि ५००० मायक्रॉन सारखेच दिसतात हो! या वेळी मायक्रॉन गेज होता आणि तो अर्धा तास झाला तरी १४०० च्या खाली यायला तयार नाही. पंपाचं तेल बघितलं तर ताकासारखं पांढरं, ओलावा खाल्लेला. तेल बदललं, ९०० पर्यंत आलं, पण व्हॉल्व्ह बंद करून पंप वेगळा केला की आकडा चढतच राहतो, कुठे थांबतच नाही. ओलावा असता तर चढून कुठेतरी स्थिरावला असता, हा सरळ लीक. पण लाईन तर ४०० ला रात्रभर टिकलेली! मग डोक्यात प्रकाश पडला, लीक माझ्याच होजमध्ये, रबरी वॉशर चपटे झालेले.

मॅनिफोल्ड काढूनच टाकला. कोअर रिमूव्हरने पोर्टची पिन (आतला छोटा व्हॉल्व्ह, वाट अरुंद करतो) काढली, एकच जाड होज थेट पंपाला, गेज पंपापासून लांब. वीस मिनिटांत ३८०. पंप वेगळा करून दहा मिनिटं थांबलो, ४६० वर जाऊन आकडा तिथेच बसला, म्हणजे पास. एवढी कसरत कशासाठी तर कॉम्प्रेसरमधलं तेल पीओई (एक सिंथेटिक तेल), ते पाणी शोषतं आणि मग अ‍ॅसिड बनतं.

पिन परत बसवली, लिक्विड व्हॉल्व्ह जरासा उघडून गॅस आत सोडला आणि व्हॅक्यूम मोडला, मग दोन्ही पूर्ण उघडले. आर ३२ (एसीचा गॅस) आत गेल्यावर पुन्हा फेस लावला, एकही बुडबुडा नाही. आता ड्रेनचा उतार बाकी आहे, पाईप मध्येच पोट काढतोय.