मुंग्या, कणकण आणि दुभाषी

शेवटचं रेडिएशन झालं त्या दिवशी नातेवाइकांचे फोन आले, "सुटलीस एकदाची!" मलाही तसंच वाटलं. उपचार चालू होते तोवर दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारपूस करत होतं. आता डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी या. देश परका होताच, आता स्वतःचं शरीरही ओळखीचं वाटेना.

स्तनाचा कर्करोग, ऑपरेशन, केमो, रेडिएशन. ते सगळं इथे लिहीत बसत नाही. सांगायचं आहे ते त्यानंतरचं. या सगळ्या काळात डॉक्टरांशी माझ्या वतीनं बोलायची माझी लेक. चौदा वर्षांची. शाळेमुळे तिला इथली भाषा छान यायची, म्हणून सोय झाली असंच आम्ही धरून चाललो होतो.

पहिल्या तपासणीला मी सांगितलं, पायाला मुंग्या येतात, रात्री पांघरूण टेकलं तरी सहन होत नाही, संध्याकाळी अंगात कणकण असते. 'मुंग्या'ला तिला शब्द सुचेना. "पाय दुखतात," एवढंच ती म्हणाली. दुखण्याची गोळी मिळाली. कणकणीचा झाला ताप. थर्मामीटर लावला, ताप नव्हता, विषय संपला.

मग डॉक्टरांनी काहीतरी विचारलं. लेकीची मान खाली गेली. बॅगेचा बंद बोटाला गुंडाळत तिनं परस्पर 'नाही' म्हणून टाकलं. "काय विचारलं गं?" "काही नाही, आई."

रात्री खोदून विचारलं तेव्हा रडत म्हणाली, "अंगावर रक्त जातं का विचारलं. आणि बाबांचं नि तुझं..." पुढे तिला बोलवेना. मला दोन आठवडे थोडं थोडं रक्त जात होतं. मी टॅमॉक्सिफेन घेत होते, कर्करोग परत येऊ नये म्हणून देतात ती गोळी. त्या गोळीनं गर्भाशयाच्या अस्तरावर परिणाम होऊ शकतो, म्हणून असा रक्तस्राव लगेच सांगायचा असतो, हे मला त्या रात्रीपर्यंत कुणी मराठीत सांगितलेलंच नव्हतं. आजार परत येण्याबद्दल डॉक्टर बोलले होते, तेही तिनं माझ्यापासून लपवलं होतं. एवढ्या लहान पोरीनं ते एकटीनं पोटात ठेवलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. कागदावर एकच वाक्य लिहून घेतलं होतं, 'मला मराठी दुभाषी हवा.' काउंटरवरची बाई म्हणाली, मुलगी येते ना बरोबर? मग म्हणाली, हिंदी चालेल का. मी कागदावरच्या 'मराठी'वर बोट ठेवून उभी राहिले. दुखणं सांगायला मला माझीच भाषा हवी होती. शेवटी कळलं की फोनवरून दुभाषी मिळतो, फक्त वेळ घेतानाच तसं नोंदवावं लागतं.

पुढच्या भेटीत टेबलावर फोन ठेवला आणि त्यातून आवाज आला, "ताई, मुंग्या म्हणजे बधिर वाटतं, की सुया टोचल्यासारखं?" मला रडूच आलं. दोन्ही, म्हटलं. डॉक्टरांनी लगेच ओळखलं, केमोतल्या पॅक्लिटॅक्सेल या औषधामुळे नसांना झालेली इजा. औषध बदललं, अनवाणी चालू नका म्हणाले, पायाला जखम झाली तर कळणार नाही. रक्तस्रावासाठी सोनोग्राफी आणि बायॉप्सी झाली. वाईट काही निघालं नाही.

त्याच दिवशी नर्सकडून उपचारांचा गोषवारा लिहून घेतला. कोणती औषधं, किती डोस, कुठे रेडिएशन, पुढे कोणत्या तपासण्या. आपल्यासारख्या देश, शहर बदलणाऱ्यांनी हा कागद जवळ ठेवायलाच हवा. डॉक्सोरुबिसिनसारख्या केमोच्या औषधाला हृदयाच्या काळजीपोटी जन्मभराची मर्यादा असते. आधी किती दिलंय हे नव्या डॉक्टरांना कळलं पाहिजे. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हाताची सूज काही वर्षांनीही येऊ शकते, हेही त्यात लिहून घ्या. मी माझ्या प्रतीवर बाजूला मराठीत लिहून ठेवलंय.

आणि घरी एक वही केली. जे होतं ते होतं त्याच शब्दांत लिहायचं: कसनुसं होतं, गळून गेल्यासारखं वाटतं, जीव घाबरतो. दुभाषी ताईंना तेच वाचून दाखवते. त्या प्रत्येक शब्दावर थांबतात, विचारतात.

तपासणीच्या दिवशी लेक आता शाळेत असते. संध्याकाळी दप्तर टाकता टाकता विचारते, "काय म्हणाले गं?" मग मी वही उघडून तिला सांगत बसते.