हिरो अर्ध्या तासात गेला!

आज दुपारी जेवणं उरकून टीव्हीवर ‘मक्खी’ बघत बसलो. अर्ध्याएक तासात हिरोचा खून झाला. आई लसूण सोलता सोलता म्हणाली, “संपला? बरा होता की रे पोरगा!” तो माशी होऊन परतला, तशी तिने ताटलीच बाजूला सारली.

हा पोरगा म्हणजे तेलुगू सिनेमातला नट नानी. आधी सहायक दिग्दर्शक, मग हैदराबादेत रेडिओवर आरजे (निवेदक), आणि २००८ मध्ये ‘अष्टा चम्मा’तून हिरो. २०१२ च्या या सिनेमात निम्म्याहून जास्त वेळ आपण दिसणारच नाही, हे ठाऊक असून त्याने होकार दिला. मला त्याचंच कौतुक. (आपले हिरो माशीला एवढी जागा देतील? असो.)

संध्याकाळी भाजीवर माशी बसली. आईने हात उगारला आणि तसाच थांबवला.